सैल दोऱ्याबद्दल अक्कांचे आभार

आदरणीय अक्का,
स. न. वि. वि.

लेगिंग मांडीत उसवली की ती पोतेऱ्यात जायची. साध्या धावदोऱ्याने शिवली तरी खाली बसताच दोरा तुटायचा, आणि दोष कापडाला मिळायचा. तुम्ही खरं कारण दाखवलंत: होजिअरीचं कापड फंद्यांनी विणलेलं असतं, ओढलं की फंदे पसरतात, धावदोरा मात्र सरळ असतो, त्याला लांबायला जागाच नसते. म्हणून उलटी टीप, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागे घेऊन पुढे जाणारी, दोन-तीन मिलिमीटरची, किंचित नागमोडी, पॉलिएस्टरच्या एकेरी दोऱ्याने. दर चार-पाच टाक्यांनी कापड दोन्ही हातांनी ताणायचं, म्हणजे लागेल तेवढा दोरा आत ओढला जातो. हे ताणणं सगळ्यांत मोलाचं. सुरुवातीला गाठ नको, ती फंद्यातून निसटते. त्याच जागी दोन बारीक टाके पुरतात.

सुई गोल टोकाची. टोकदार सुईने धागा कापला गेला तर तिथून फंदे सुटत जातात आणि शिडी पडते. मोठ्या विणीच्या स्वेटरला अशी शिडी पडलीच, तर बारीक क्रोशाची सुई खालच्या सुटलेल्या फंद्यात घालायची, वरचा आडवा धागा त्यातून ओढायचा, असं एकेक पायरी चढत जायचं. शेवटचा फंदा दोऱ्याने बांधला नाही तर सगळं पुन्हा खाली येतं.

भोकाला आधी कडेचे सगळे फंदे बारीक दोऱ्यात गोवायचे, आवळायचं नाही. मग आतून ठिगळ, भोकापेक्षा चहूबाजूंनी एक सेंटिमीटर मोठं, कोपरे गोल, ताण मूळ कापडाच्याच दिशेने. ठिगळासाठी केळीच्या चिकाचे डाग पडलेले जुने बनियान वापरायची तुमची युक्ती रावेर-यावलकडच्या घराघरांत उपयोगी आहे. डाग जात नाहीत, पण कापड धुऊन धुऊन आटून गेलेलं असतं, त्यामुळे ठिगळ नंतर आकसत नाही. नव्या कापडाचं ठिगळ पहिल्याच धुण्यात भोवतीचं कापड चुणवतं.

मेच्या उन्हात लेगिंग दोरीवर टाकू नका, हेही तुम्हीच बजावलंत. उष्णतेने लायक्राची, म्हणजे कापडातल्या रबरासारख्या ताणणाऱ्या धाग्याची, लवचीकता जाते. मग शिलाई कितीही चांगली असली तरी गुडघ्याला पोक येतोच.

बिनयंत्राची, फक्त सुई-दोऱ्याची ही शिलाई तुम्ही हातात हात धरून शिकवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पायमोज्यांच्या टाचांचं रफू अजून बाकी आहे. पोळा झाला की या.

आपल्या,
यावलच्या शिवणवर्गातल्या सगळ्या