कोच अंकल गेले

होनोलुलू

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर कोच अंकल गेल्याचं सांगितलं आणि बाबा एकदम गप्प झाले. म्हणून सगळं नीट लिहून कळवतेय.

शनिवारी त्यांची रक्षा वायकीकीसमोरच्या समुद्रात सोडली. होड्या आणि सर्फबोर्ड घेऊन माणसं लाटांपलीकडे गेली आणि गोल करून थांबली. मधल्या होडीत आंटी आणि चारही मुलं होती. गळ्यातले फुलांचे हार पाण्यात सोडायचे, पण आधी आतला दोरा ओढून काढायचा, कासवांच्या पोटात जाऊ नये म्हणून. अंकल हे दर वेळी बजावायचे. या वेळी त्यांच्या वल्हवण्याच्या क्लबच्या मुलांनी न सांगता दोरे काढून खिशात टाकले. मग वल्ह्यांनी पाणी उडवून सगळ्यांनी मोठ्याने आरोळ्या दिल्या. आई, तुला हे ऐकून विचित्र वाटेल, पण तिथे ते अगदी योग्य वाटत होतं.

बाबा, तुम्ही इथे आला होतात तेव्हा त्यांच्या होडीची उलांडी, तोल राखायला बाजूला बांधलेलं ते लाकूड, चाचपून पाहिली होतीत. त्यांनी एक बांध सोडून तुमच्यासमोर पुन्हा बांधून दाखवला. तुम्ही मालवणीत बोलत होतात, ते त्यांच्या भाषेत. मी तुमचं रापणीचं बोलणं त्यांना सांगितलं, तर म्हणाले, आमच्याकडेही मोठं जाळं सगळ्यांनी मिळून ओढायचं आणि ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा द्यायचा. तेव्हापासून मी भेटले की आधी तुमची चौकशी, मग बाकीचं.

नोकरी अग्निशमन दलात केली, पण संध्याकाळ इथल्या ‘आला वाई’ नावाच्या कालव्यावर वल्हवायला येणाऱ्या मुलांची. नव्या मुलांना ते आधी होडी उलटायला शिकवायचे. मुद्दाम उलटवायची. प्रत्येकाने आपला सीट नंबर ओरडून सांगायचा, आणि होडीतल्या सहाही जणांचे आवाज येईपर्यंत कुणी होडीला हात लावायचा नाही. मग काहींनी उलांडी खालून उचलायची, बाकीच्यांनी आडव्या दांड्या धरून ओढायच्या, होडी सुलटी झाली की कापलेल्या प्लास्टिकच्या कॅनने पाणी उपसायचं. दात वाजत असले तरी पोरं हसत असायची.

तरुणपणी ते मोलोकाई बेटावरून आमच्या ओआहू बेटापर्यंतची शर्यत वल्हवायचे, 1952 पासून चालत आलेली, चाळीस मैलांहून जास्त. त्याबद्दल विचारलं तरच बोलायचे. ड्यूक काहानामोकूंचा, समुद्राकाठी हार घातलेला तो पुतळा तुम्ही पाहिलात ना, त्यांनी 1912 साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये 100 मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवलं. पण अंकल मुलांना सांगायचे ते 1925 सालचं. कॅलिफोर्नियात न्यूपोर्ट बीचजवळ बोट उलटली आणि ड्यूकनी सर्फबोर्डवरून फेऱ्या मारून आठ जणांना वाचवलं. पदकाची गोष्ट मुलांना एका वाक्यात मिळायची, ही मात्र अर्धा तास चालायची.

माझ्या लेखी त्यांचा मोठेपणा वेगळाच आहे. आपली धाकटी पाण्याला किती घाबरायची, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांनी तिला कधी ढकललं नाही, घरी बसवलंही नाही. सरावानंतर होडी गोड्या पाण्याने धुवायचं काम तिला दिलं आणि ते झालंय का हे रोज स्वतः येऊन तपासलं, कॅप्टनचं काम तपासावं तसं. पुढच्या मोसमात ती आपणहून तिसऱ्या सीटवर जाऊन बसली. पहिल्या दिवशी सुकाणूवर अंकल स्वतः होते. क्लबच्या होड्या पुष्कळदा शेवटी यायच्या, पण शर्यत झाल्यावर जेवायला बसताना कोण आलं नाही हे त्यांना न मोजता कळायचं. असा माणूस माझ्या मुलींना परदेशात आजोबा म्हणून मिळाला, हे मला तुम्हाला सांगायचंच होतं.

सराव आता त्यांची मोठी मुलगी घेणार आहे. सोमवारपासून पुन्हा सुरू होतोय, दोघीही जातील.

आई, पुढच्या पार्सलात आमसुलं जरा जास्त घाल. अंकलना आपल्याकडची सोलकढी फार आवडायची, आणि आंटींना ती शिकायची आहे. नारळाचा रस काढायला त्यांना शिकवावं लागणार नाही. बाबा, तुम्ही आंटींना दोन ओळी लिहा. मालवणीत लिहिलंत तरी चालेल, मी वाचून सांगेन.

तुमची,
शुभा