चि. सुनीलला, तपासणीच्या तारखेआधी

औसा, जि. लातूर

चि. सुनील यास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर "अप्पा, यापुढे मला वजन विचारायचं नाही" असे म्हणून तू फोन ठेवलास. या पत्रात वजन विचारायचे नाही असे ठरवूनच लिहायला बसलो आहे. पण मार्चपासून तू तपासणीलाच गेलेला नाहीस असे ज्योतीकडून कळले, ते काही केल्या मनातून जात नाही.

तुला काय लागले ते मला ठाऊक आहे. वजन कमी करण्याच्या ऑपरेशनपूर्वी डॉक्टरांनी तुझी उंची, वजन, वय, ऑपरेशनचा प्रकार, मधुमेह आहे का, किती वर्षांपासून आहे आणि तू सिगारेट ओढतोस का, एवढ्या सात गोष्टी संगणकात भरून पुढच्या पाच वर्षांच्या वजनाची रेघ आपल्या हाती दिली आणि तू ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीस. पहिले वर्षभर तू त्या रेघेच्या खालीच होतास. १२८ किलोंवरून ९२ वर आलास. बुटाची नाडी बांधताना ज्याला धाप लागायची तो माझा मुलगा माहूरच्या पायऱ्या माझ्यापुढे चढून गेला, हे मी गावात भेटेल त्याला सांगत होतो. आता रेघ ९४ दाखवते आणि काटा ९७, म्हणून तू काटाच पलंगाखाली सारलास.

माझी सारी नोकरी तलाठ्याची गेली. पिके उभी असताना नजर अंदाज पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या मानाने पीक किती येईल याचा डोळ्यांनी केलेला अंदाज, निघायची, मग सुधारित, आणि कापणीनंतर अंतिम. नजर अंदाजात साठ पैसे दाखवलेले गाव शेवटी पन्नासच्या आत आले, तर त्यात शेतकऱ्याचा काही गुन्हा नसे; पण अंतिम पैसेवारीच काढली नसती, तर त्या गावाला दुष्काळाची सवलतही मिळाली नसती. तुझ्या कपाटातली रेघ ही नजर अंदाज पैसेवारी आहे, बाळा.

ज्या अभ्यासातून ती रेघ आली तो फ्रान्समधल्या लील शहरातील संशोधकांच्या पुढाकाराने झाला आणि २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी होत्या, आणि तरीही पाचव्या वर्षाच्या अंदाजात सर्वसाधारण चूक बीएमआयच्या, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाच्या मापाच्या, २.८ अंकांची निघाली. तुझ्या १६८ सेंटिमीटर उंचीला हे जवळजवळ ८ किलो होतात. मी कागदावर गुणाकार करून पाहिला. तू तीन किलोंसाठी तोंड लपवतो आहेस. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासातही रुग्णांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेले आणि नंतर काहीसे परत चढले, तरीही ऑपरेशन न झालेल्या तशाच लोकांपेक्षा त्यांच्यात मृत्यू कमी झाले.

तपासणीला मात्र जायलाच हवे. तुझे जठर जवळजवळ ऐंशी टक्के काढलेले आहे. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व हे सारे आयुष्यभर नियमाने तपासावे लागते, आणि यांतले काहीही वजनकाट्यावर दिसत नाही. साखर परतली तरी पहिले काही महिने माणसाला कळत नाही. तुझ्या आईनेही टाचेच्या जखमेच्या वेळी "मला काही होत नाही" असेच म्हटले होते आणि श्रावण संपेपर्यंत रक्त तपासायला गेली नव्हती. पुढचे तू पाहिले आहेस.

रोज साठ ग्रॅम प्रथिने पोटात जातात का? आधी डाळ, अंडे, पनीर आणि मग भाकरी, हा क्रम पाळतोस का? ऑफिसात चहाबरोबर फरसाण आणि संध्याकाळी थंड पेये सुरू झाली असतील, तर मऊ आणि गोड पदार्थ लहान जठरातूनही सहज उतरतात, हे आहारतज्ज्ञ बाईंनी तुला वहीत लिहून दिले होते. पाहा, पुन्हा मी उपदेशावर आलो. क्षमा कर, चाळिशीच्या मुलाला बापाने ताटातले मोजून दाखवू नये.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, तू शेतातल्या कोपीत बसून वाटीभर आंबील अर्धा तास घोट घोट घेत होतास. भज्जी दोन घासांवर थांबवलीस, आणि काकूने आग्रह केला तेव्हा तिचा हात धरून "पोट भरलं" म्हणालास. लहानपणी शेजारच्या कोपींतही जेवून येणारा तू! त्या दिवशी मला तुझा जो अभिमान वाटला तो तू नोकरीला लागलास तेव्हाही वाटला नव्हता, आणि तो अभिमान किलोंवर अवलंबून नाही. पण सुनील, तपासणीला जा.

ज्योतीने येत्या सोमवारी सकाळची वेळ घेतली आहे. रक्त उपाशीपोटी द्यायचे आहे. निळी फाईल आणि ती रेघेची प्रतही बरोबर ने, आणि ९७ च्या पुढे गेले असेल तर तसेच डॉक्टरांना सांग. आहार बदलायचा, औषध द्यायचे की आणखी काही तपासायचे, हे त्यांना त्या आकड्यावरूनच ठरवता येईल. मी रविवारी रात्रीच्या गाडीने निघतो. तू नको म्हणालास तर दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसेन आणि आकडा विचारणार नाही.

तुझा,
अप्पा