कॅलिपरचा आवाज

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१९६८ साली माझ्या दीड वर्षाच्या भावाला पोलिओ झाला. पुढे कसबा पेठेतल्या आमच्या वाड्याच्या लाकडी जिन्यावर त्याच्या कॅलिपरची, म्हणजे पायाला बांधलेल्या आधाराच्या पट्ट्यांची, खटखट ऐकू आली, की आई हातातलं काम टाकून दाराशी जायची. पट्ट्यांनी सोलवटलेल्या मांडीला रोज रात्री खोबरेल लावायची. भारतात वन्य, म्हणजे निसर्गतः पसरणाऱ्या विषाणूच्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. लसीमुळे माझ्या नातवंडांनी ती खटखट ऐकलेलीच नाही. म्हणूनच परवा शेजारची सूनबाई ‘गोवर काय, येतो नि जातो’ म्हणाली, तेव्हा मला राहवलं नाही. गोवरातून न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, मूल दगावतंही. गोवर-रुबेलाची लस महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते. तिचं बाळ नऊ महिन्यांचं झालंय. उद्या सकाळी मीच बरोबर जाणार आहे.

– एक आजी, कसबा पेठ, पुणे