सेंधवा ते धुळे एवढाच टप्पा कुणी घेईल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी इंदूरची. घरात चार पिढ्या इथेच गेल्या तरी पेपर मराठीच लागतो, हल्ली तो मोबाइलवर मिळतो म्हणून रोज वाचणं होतं. पण हे पत्र इंदूरकरांसाठी नाहीये, शिरपूर, धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक या पट्ट्यातल्या तुमच्या वाचकांसाठी आहे, तेव्हा जमलं तर तिकडच्या आवृत्तीत नक्की छापा ही विनंती.

आम्ही काही जण रस्त्यावरून वाचवलेले कुत्रे दत्तक घेणाऱ्यांच्या घरी गाडीने पोचवतो. पैसे घेत नाही, पेट्रोल ज्याचं त्याचं. लोक म्हणतात की गावठी कुत्र्याला कोण घर देणार, पण आमचा अनुभव असा की घर मिळतं. इंदूरच्या मराठी घरांतलं कुणी ना कुणी पुण्यात नाहीतर ठाण्यात नोकरीला असतंच, तिथून फोटो पुढे जातो, कुणाच्या तरी मनात तो कुत्रा बसतो, फोनवर बोलणं होतं, घर बघून होतं आणि मग सगळं गाडं अडतं ते मधल्या सहाशेक किलोमीटरवर. इंदूर-पुणे रेल्वे रतलाम, बडोदा, वसई करत फिरून जाते, त्यात कुत्रा सोबत ठेवायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या डॉग बॉक्समध्ये त्याला एकट्याला टाकायचं. आधीच माणसांना घाबरलेलं जनावर त्या अंधाऱ्या पेटीत रात्रभर खडखडाट ऐकत जातं, ते मला तरी करवत नाही. ट्रॅव्हल्सवाले बहुतेक नाहीच म्हणतात, आणि कुणी हो म्हणालाच तर सामानाच्या डिक्कीत टाका म्हणतो, तिथे हवा कुठून येणार?

पुण्यात काय कुत्रे कमी आहेत की इंदूरहून न्यायचे, हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि तो बरोबर आहे. धडधाकट, आपल्या गल्लीत रुळलेला कुत्रा आम्ही हलवत नाही. २०२३ चे एबीसी म्हणजे प्राणी जन्म नियंत्रणाचे नियम सांगतात तसं त्याची नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. आम्ही नेतो ते जे रस्त्यावर जगूच शकत नाहीत ते, म्हणजे पाय गेलेले, आंधळे, आई गाडीखाली गेलेली पिल्लं, आणि हो, हौसेने आणून म्हातारपणी सोडून दिलेले लॅब्रेडॉर, यांचं प्रमाण बघून जीव जळतो. अशांना हवं ते घर दर गल्लीत नसतं. तीन पायांच्या कुत्र्याला तळमजला लागतो, आंधळ्याला घरात सारखं फर्निचर न हलवणारी माणसं लागतात, आणि तसं घर चारशे किलोमीटरवर सापडलं तर ते सोडून कसं द्यायचं?

म्हणून आम्ही टप्पे पाडतो. अमेरिकेत हे कधीपासून चालतं, दक्षिणेकडच्या राज्यांतल्या शेल्टरमध्ये कुत्रे फार आणि ईशान्येकडे दत्तक घेणारे जास्त, म्हणून शनिवार-रविवारी एकेक जण तास-दीड तास गाडी चालवतो आणि पुढच्याच्या हातात देतो. पायलट्स एन पॉज नावाची संस्था तर २००८ पासून आहे, तिच्यातले हौशी पायलट आपल्या छोट्या विमानांतून कुत्रे नेतात. आपल्याकडे विमान नसलं तरी रविवारी आग्रा रोडला किती गाड्या मागची सीट रिकामी ठेवून जातात ते बघाच. आणि हा रस्ता आपल्या लोकांना परका थोडाच आहे, चांदवडला होळकरांचा रंगमहाल उभा आहे, आणि ज्या खंडोबाला होळकर कुळदैवत मानत त्याच्या सोबत कुत्रा असतोच.

गाडी बदलताना काय करतो ते जरा नीट सांगते, कारण कुत्रा हातातून सुटण्याचा सगळ्यात मोठा धोका तिथेच असतो. ढाब्याच्या मागच्या बाजूला, हायवेपासून लांब, दोन्ही गाड्या दाराला दार लावून उभ्या करायच्या. कुत्र्याला दोन पट्टे, एक छातीच्या हार्नेसला आणि एक गळ्यातल्या स्लिप लीडला, म्हणजे ओढली की आवळणाऱ्या फासाच्या दोरीला. पुढच्या माणसाने खिडकीच्या फटीतून आधी दोन्ही दोऱ्या मनगटाला गुंडाळून घ्यायच्या, मग आधीच्याने दार उघडायचं, आणि कुत्रा दुसऱ्या गाडीत बसून दार लागेपर्यंत पहिल्यानेही पट्ट्यांवरचा आपला हात सोडायचा नाही. वाचायला हे अति वाटेल, पण ट्रकचा हॉर्न वाजला की बारा किलोचा घाबरलेला कुत्रा मागे मागे सरकत असा काही अंग काढून घेतो की साधा गळपट्टा कानांवरून सुळकन निघून येतो, आणि समोर चार पदरी रस्ता. गप्पा, चहा, फोटो सगळं दार लागल्यावर.

सेंधव्याच्या पुढे बिजासन घाट लागतो, तिथली वळणं पिल्लांना हमखास बाधतात. निघायच्या आधी पाच-सहा तास पोटभर खायला द्यायचं नाही, पाणी मात्र थोडं थोडं चालू ठेवायचं, सीटवर जुनी चादर आणि वर रद्दी. घाटात ट्रक अडकले की तास-तास जागेवर, म्हणून उन्हाळ्यात आम्ही पहाटे चारलाच निघतो. खानदेशचा मे महिना काय असतो ते तिकडच्यांना मी काय सांगू, आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकतो तेवढीच त्याची थंड व्हायची सोय, त्यामुळे बंद गाडीत त्याला पाच मिनिटंही सोडून जायचं नाही, सावलीत असली तरी नाही.

कागद सोबत असतात. १९७८ च्या जनावर वाहतुकीच्या नियमांप्रमाणे कुत्रा प्रवासाला फिट आहे आणि त्याला संसर्गाचा आजार नाही असं डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, ते आम्ही घेतोच, शिवाय लसीचं पुस्तक असतं. पिल्लाला आधी दोन आठवडे वेगळं ठेवतो कारण पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार, अंगात असला तर चार-पाच दिवस वरून कळतसुद्धा नाही, आणि आजारी पिल्लू नेलं तर वाटेतल्या गाड्या आणि ज्या घरी चाललंय तिथला आधीचा कुत्रा सगळेच धोक्यात. तुमच्या घरी पिल्लू असेल आणि त्याच्या लसी पूर्ण व्हायच्या असतील तर सध्या हा टप्पा घेऊ नका, हे मी आधीच सांगून टाकते.

आता मुख्य गोष्ट. इंदूरला गाडीवाले भरपूर, पुण्यात त्याहून जास्त, नाशिकलाही मिळतात. मधे कुणीच नाही. सेंधवा ते धुळे नव्वदेक किलोमीटरचा टप्पा, त्यापायी कितीदा सगळं ठरलेलं फिसकटतं, मग इंदूरचाच एखादा पोरगा एका दमात पुण्यापर्यंत चालवतो, रात्री उलटा निघतो आणि सोमवारी कामावर. एकदोनदा होतं असं, नंतर तो ग्रुपवर यायचाच बंद होतो, आणि त्याला दोष देण्यात काही अर्थ नाही. शिरपूरचं एखादं कुटुंब महिन्यातून एक रविवार सकाळ देईल तर तीन माणसांवरचा ताण उतरतो. तुम्हाला कुत्रा पाळायचा नाहीये, त्याला आंघोळ घालायची नाहीये, घाटाच्या वर घ्यायचा आणि धुळ्याच्या बायपासला द्यायचा. पूर्ण टप्प्यात लाइव्ह लोकेशन चालू ठेवायचं आणि प्रत्येक बदलीनंतर ग्रुपवर फोटो टाकायचा. वडील गाडी चालवतात आणि मुलगी मागे कुत्र्याजवळ बसते अशी एक जोडी आमच्याकडे इंदूरला आहे, त्यांच्याइतके शांत कुत्रे कुणाच्याच गाडीत नसतात.

शेवटचा टप्पा घेणाऱ्याचं काम मात्र अवघड आहे आणि ते सगळ्यांना जमत नाही. दारात गेल्यावर घर फोनवर सांगितलं तसं नसेल, गच्चीवर साखळी लावून ठेवलेली दिसली, घरातल्या आजींना कुणी विचारलेलंच नसेल, तर तोंडावर नाही म्हणून कुत्रा परत आणायचा. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणीप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेता येईल असं म्हटलंय आणि एकदा घेतला की तो परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याचीच. मला हे फार पटलं. चारशे किलोमीटर नेऊन पुन्हा अनोळखी गावच्या रस्त्यावर सोडला गेलेला कुत्रा इंदूरच्या रस्त्यावर होता त्याहून वाईट अवस्थेत जातो, निदान इथे त्याला कुठल्या दारात पोळी मिळते ते माहीत होतं.

सध्या आमच्याकडे एक काळी मादी आहे, मागचा उजवा पाय काढावा लागला, टाके निघालेत, नसबंदी आणि रेबीजची लस दोन्ही झालंय. नाशिकच्या एका निवृत्त जोडप्याने होकार दिलाय, तळमजला आहे, मागे अंगण आहे, आमच्यातल्या एकीने स्वतः जाऊन बघितलंय. सेंधव्यापर्यंत मी आणते, धुळ्याहून पुढे नाशिकला न्यायला एक कॉलेजचा मुलगा तयार आहे. मधल्या टप्प्याला माणूस हवाय, कुठल्याही रविवारी चालेल, लहान गाडीही चालेल. माझा फोन नंबर तुमच्या कार्यालयाला वेगळा कळवलाय, कुणी विचारलं तर जरूर द्यावा.

आपली,
एक वाचक, इंदूर