एका धावेची मॅच

मिनियापोलिस,
रविवार, रात्री

प्रिय अव्या,

"एका धावेची मॅच? जेवायला बसेपर्यंत संपली असेल!" हा तुझा मेसेज वाचून हसलो. अरे, तीन तासांहून जास्त चालली ती. आणि मी ती तीस-पस्तीस वर्षांनी, निकाल माहीत असताना पाहिली, तरी चहा निवला.

शेजारचे आजोबा दर ऑक्टोबरात ते जुनं रेकॉर्डिंग लावतात. 27 ऑक्टोबर 1991, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि शेवटचा सामना. मिनेसोटा ट्विन्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्हज. गंमत म्हणजे आदल्या वर्षी दोघेही आपापल्या गटात तळाला! आजोबा त्या रात्री मेट्रोडोममध्ये होते. त्या स्टेडियमचं कापडी छत आतल्या हवेच्या दाबावर तरंगायचं. दार उघडून बाहेर पडताना वारा पाठीत ढकलायचा म्हणे. आता ते पाडलंय. आजोबांनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली, आत घडी घातलेला पांढरा रुमाल. तेव्हा हजारो लोक हेच फडकवत होते. लाल छपाई विटलीय, पण धुवायचा नाही असा घरात दंडक आहे.

ट्विन्सचा पिचर, म्हणजे आपला बोलर, जॅक मॉरिस. वय 36, जन्म नदीपलीकडच्या सेंट पॉलचा. समोर 24 वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ, जो लहानपणी ह्याच मॉरिसचा भक्त होता. बेसबॉलमध्ये ओव्हर संपली की दुसऱ्या टोकाकडून दुसरा, असं नसतं. जमेल तोवर एकटाच टाकतो. समोरच्याला एकही रन न देता एकट्याने सामना संपवला, तर तो त्याचा शटआउट.

आठवी इनिंग, 0-0. (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची तीन-तीन आउटपर्यंतची बॅटिंग; एरवी सामना नऊ इनिंगचा.) अटलांटाचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर. तिन्ही बेस घेऊन घरी, म्हणजे बॅटिंगच्या जागी, परतलं की एक रन. पेंडल्टनने चेंडू लांब डावीकडे मारला. स्मिथ आरामात घरी पोचला असता, पण दुसऱ्या बेसपाशी थबकला. मिनेसोटाच्या नॉब्लॉक आणि गॅग्नीने चेंडू जवळ नसताना डबल प्लेचं, म्हणजे एका चेंडूत दोघांना आउट करण्याचं, सोंग केलं होतं. (क्रिकेटमध्ये आता ह्याला 5 धावांचा दंड आहे.) आपण फसलो नाही, चेंडूच दिसला नाही, असं स्मिथचं म्हणणं. काहीही असो, तो तिसऱ्यावर अडकला. एकही आउट नाही, दोन माणसं बेसवर. गँटचा चेंडू हळू घरंगळत पहिल्या बेसवरच्या फिल्डर हर्बेककडे, एक आउट. पुढच्याला मुद्दाम बाहेरचे चेंडू टाकून चालत पहिल्या बेसवर पाठवलं आणि बेस भरले. मग सिड ब्रीमचा फटकाही हर्बेककडेच! त्याने चेंडू घरी फेकला, कॅचरने (आपल्या विकेटकीपरसारखा) परत त्याच्याकडे, आणि एका चेंडूत दोन आउट, अटलांटाची पाळी संपली. इथे आजोबा उठून उभे राहिले. त्यांना निकाल माहीत नव्हता की काय!

नऊ इनिंग झाल्यावर मॅनेजर टॉम केलीला वाटलं, आता पुरे. मॉरिस ऐकेना. शेवटी खेळच तर आहे, असं म्हणत केलीने सोडून दिलं. दहावीतही मॉरिसने काही दिलं नाही. एकूण 126 चेंडू. मग ट्विन्सच्या ग्लॅडनने मोडक्या बॅटने डबल मारला, म्हणजे दुसरा बेस गाठला, नॉब्लॉकच्या बंटवर (हळूच टेकवलेल्या चेंडूवर) तो तिसऱ्यावर गेला. बदली आलेल्या जीन लार्किनने जवळ ओढलेल्या फिल्डर्सच्या डोक्यावरून चेंडू मारला, ग्लॅडन घरी. 1-0.

मला मॉरिसपेक्षा केलीच जास्त आठवतोय. जत्रेच्या स्पर्धेत मी कॅप्टन होतो, चेंडू मागितला आणि तू सरळ खिशात घातलास. पुढच्या ओव्हरमध्ये 19 गेल्या, तुला हसता हसता माझी पुरेवाट. तुझी आई अजून विचारते का, तेव्हा चेंडू तुला कोणी दिला म्हणून?

लिंक पाठवतोय. सगळं बघायला वेळ नसेल तर आठव्यापासून बघ. मग फोन कर, फक्त तुझ्या दुपारी नको, इथे मध्यरात्र असते. काकूंना नमस्कार.

तुझा,
संज्या