स्क्रीन माझ्याकडे वळवणाऱ्या सरांना

सर, नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही आलात तेव्हा तीन दिवस माझ्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. सोमवारी सकाळी टॅली उघडेना. बिलं, चलनं, पगाराची शीट, सगळ्या फायलींच्या नावांपुढं भलतीच अक्षरं, आणि डेस्कटॉपवर पैसे मागणारी इंग्रजी चिठ्ठी. आमच्या कॉम्प्युटरचं वर्षाचं काँट्रॅक्ट ज्यांच्याकडे होतं, त्यांनी फोनवरच निकाल दिला, "मॅडमनी कुठलातरी मेल उघडला असणार." बघायला यायच्या आधीच! मालक वाईट नाहीत, पण घाबरलेला माणूस हाताला लागेल ते कारण धरतो. लेथवरची पोरंसुद्धा मला बघून गप्प व्हायला लागली. अकरा वर्षांत एका रुपयाचा हिशेब चुकला नव्हता माझा.

तुम्ही कुणाची चूक ते विचारलंच नाहीत. नेटची वायर काढलीत आणि तासभर सर्व्हरसमोर बसलात. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून मला म्हणालात, "ताई, बसा की इथं." मालक मागं उभे होते. तुम्ही स्क्रीन वळवलीत ती माझ्याकडे.

त्या ओळी अजून डोळ्यांपुढं आहेत. 4625, 4625, 4625, एकाखाली एक, संपतच नव्हत्या. "ही एकेक ओळ म्हणजे चुकलेला पासवर्ड. बाहेरून कुणीतरी दार ठोठावत बसलंय." मग एका ओळीवर बोट ठेवलंत, 4624. "इथं लागला. रविवारी पहाटे 2 वाजून 17 मिनिटं. तुम्ही कुठं होता तेव्हा?" मी म्हटलं, येळ्ळूरला, घरी, झोपले होते. "मग ह्यात तुमचा मेल कुठनं आला?" विचारलंत मला, पण ऐकलं मालकांनी. तिथंच मला रडू फुटलं. तुम्ही मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहिलात, माझं रडं आवरेपर्यंत. त्याचेही आभार.

काँट्रॅक्टवाल्यांनी घरबसल्या बघता यावं म्हणून रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून सर्व्हर चालवायचं दार, थेट इंटरनेटवर उघडा ठेवला होता. पासवर्ड काय, तर वर्कशॉपचं नाव आणि पुढं 123. बॅकअप चालू आहे म्हणायचे. ती डिस्क बारा महिने त्याच सर्व्हरला जोडलेली, तीही गेली. त्यांचा दर वर्षीचा चेक मीच लिहीत होते. अजून त्यांचा साधा फोन नाही.

पैसे भरू नका, भरले तरी फायली मिळतील याची खात्री नाही, असं तुम्ही ठामपणे सांगितलंत म्हणून मालक थांबले. असा हल्ला कळला की सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेला, कळवायचं असतं, 2022 पासून तसा नियम आहे, हेही तुमच्याकडूनच समजलं. आमचे तीन दिवस माझ्यावर संशय घेण्यातच गेले होते. सीएंकडं मार्चपर्यंतची प्रत निघाली, पुढचं मी बिलबुकांवरून परत चढवलं. आता दर शनिवारी बॅकअप घेतला की डिस्क काढून मालकांच्या घरी जाते.

कॉम्प्युटर कळणारी माणसं आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत. बारावी झालेल्या बाईला शेजारी बसवून, तिला समजेल अशा बोलीत दाखवणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं. तुम्ही नुसता रिपोर्ट मेल करून निघून गेला असता तरी फी तेवढीच मिळाली असती. मालकांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर "माझं चुकलं" म्हटलं, ते त्या स्टुलामुळं.

रिपोर्टाची एक प्रत मी मागून घेतली आणि आईला वाचून दाखवली. तिला त्यातलं पहाटे 2 वाजून 17 मिनिटं एवढंच कळलं. म्हणाली, त्या पोराला सुगी झाल्यावर जेवायला बोलाव, नव्या बासमतीचा भात घालते.

तर या, सर. येळ्ळूरला कुणालाही विचारा, घर दाखवतील.

तुमची,
अकाउंटवाली ताई