डोंगर उतरल्यावरचे जेवण

कोल्हापूर,
१८ सप्टेंबर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. स्काफेल पाइक हे इंग्लंडमधले सर्वांत उंच शिखर, ९७८ मीटरचे, तू भर पावसात चढून आलास आणि लँगडेलच्या खोऱ्यात उतरल्यावर ओल्ड डन्जन गिल नावाच्या जुन्या पबमध्ये थांबलास, हा मजकूर आईने मला दोनदा वाचायला लावला. शिखराविषयी तू चार ओळी लिहिल्या आहेस आणि पायथ्याच्या त्या खोलीविषयी दोन पाने, हे मला फार आवडले. चिखलाच्या बुटांनी आत येऊ देणारी दगडी फरशी, पेटलेली शेगडी आणि पूर्वी जिथे गुरे बांधत त्या कप्प्यांतच मांडलेली बाके, हे वाचताना मला पन्हाळ्याच्या वाटेवरच्या, करपेवाडीकडच्या त्या घराची आठवण झाली.

तुला ते घर आठवते का? तू अकरा वर्षांचा होतास. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरचा वेढा चुकवून महाराज ज्या वाटेने विशाळगडाकडे गेले, ती पन्हाळा ते पावनखिंड वाट आपण दोन दिवसांत चाललो होतो. मसाई पठारावर धुके इतके दाट होते की तुझा हात मी सोडला नाही, आणि कुंभारवाडीच्या पुढे तांबड्या चिखलात तुझी एक चप्पल रुतून तुटली. संध्याकाळी एका घराच्या सोप्यात मावशींनी आपल्याला बसवून घेतले. एकाच छपराखाली अलीकडे माणसे, पलीकडे दोन म्हशी आणि मध्ये कमरेएवढी भिंत. तू थंडीने कुडकुडत होतास, म्हणून त्यांनी तुला थेट चुलीपाशी नेले. काटवटीत नाचणीचे पीठ मळून त्या भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर टाकली की ओल्या बोटांनी वरून पाणी फिरवायच्या, उलटायच्या आणि मग तवा बाजूला सारून ती निखाऱ्यांपुढे उभी करायच्या. पापुद्रा सुटून ती फुगली की तू दर वेळी माझ्याकडे वळून बघायचास. वैलावर हुलग्याचे माडगे रटरटत होते. घरी ज्या पदार्थाला तू हात लावत नव्हतास, त्याच्या तू तिथे तीन वाट्या प्यायलास.

त्या घराविषयी एक गोष्ट मी तुला आजवर सांगितली नाही. तू शिकायला बाहेर गेलास, त्यानंतरच्या जुलैत आम्ही वीस जण त्याच वाटेने निघालो. तोपर्यंत मावशी येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पैसे घेऊन जेवण करू लागल्या होत्या, आणि आदल्या आठवड्यात मीच त्यांना वीस माणसांचे सांगून आलो होतो. पाऊस असा कोसळला की अकरा जण मसाई पठारावरूनच जीपने परत फिरले आणि आम्ही नऊ जण दिवेलागणीला वाडीवर पोहोचलो. फोनला रेंज नव्हती हे खरे, पण पठार सोडण्यापूर्वी ती होती आणि तेव्हा मला फोन करायचे सुचले नाही. जेवणे झाली तेव्हा टोपलीत वीसएक भाकरी उरल्या होत्या. हिशोब माझ्याकडे होता. जेवले त्यांचेच द्यावे असे बरोबरच्यांचे मत पडले आणि मी नऊ जणांचे पैसे मोजून दिले. मावशींनी ते न मोजता डब्याखाली ठेवले, टोपलीवर फडके टाकले आणि आमच्यासाठी घोंगड्या अंथरायला गेल्या. त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत, म्हणून त्या रात्री मला झोप लागली नाही.

महिन्याने मी एकटाच उरलेल्या अकरा जणांचे पैसे घेऊन गेलो. रोपलावण संपली होती आणि त्या परड्यात शेणी रचत होत्या. पैसे त्यांनी घेतले, आढेवेढे घेतले नाहीत, आणि ते मला बरे वाटले, कारण तो त्यांच्या कष्टाचा मोबदला होता, माझे औदार्य नव्हते. मी चुकलो असे म्हटल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, "पैशाचं र्‍हाऊ द्या सर. नुसता निरोप धाडला असता तर पीठ डब्यात र्‍हायलं असतं." नाचणी त्यांच्याच डोंगरउतारावरची. ती पेरायची, काढायची, झोडपायची, दळून आणायची आणि मग भर पावसात, धुरात बसून चाळीस भाकरी थापायच्या. त्यांतल्या निम्म्या दुसऱ्या दिवशी म्हशींपुढे गेल्या होत्या.

म्हणून तुझ्या पत्रातली एक ओळ मला खटकली. दोघे मित्र वाटेत मागे फिरले आणि राखून ठेवलेल्या टेबलावर पाचाऐवजी तिघेच बसलात, असे तू सहज लिहून गेलास. तुमच्याकडे मागणी गल्ल्यापाशी जाऊन सांगायची आणि तिथेच पैसे द्यायचे, त्यामुळे तिथे कदाचित अन्न वाया गेले नसेल. तरीही खोऱ्यातल्या पबचे स्वयंपाकघर ठरलेल्या वेळी बंद होते, तिथे राबणारी माणसे मोजकी असतात आणि त्या पावसात तुमच्यासाठी अडवलेल्या दोन खुर्च्यांवर दुसरे कोणी भिजलेले बसू शकले असते. पुढच्या वेळी माणसे कमी होताक्षणी, जिथे रेंज असेल तिथूनच, कळवत जा.

बिअरचे तू लपवले नाहीस, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो. आपल्या घरात कोणी घेत नाही आणि तू अर्धा पाइंट घेतलास हे ऐकून आई थोडा वेळ गप्प होती. मी तुला मनाई करणार नाही. पण दिवसभर चालून अंगातले पाणी कमी झालेले असते, तेव्हा आधी पोटभर पाणी पी, मग जेव, आणि ज्या दिवशी गाडी तुझ्या हातात असेल त्या दिवशी ग्लासाला हात लावू नकोस. डोंगरातल्या त्या अरुंद रस्त्यांवर रात्री समोरून येणाऱ्याला तुझ्यावर भरवसा ठेवता आला पाहिजे.

डिसेंबरात तू येशील तेव्हा पाऊस नसेल, वाट कोरडी असेल आणि पठारावरून लांबवरचे दिसेल. आपण पुन्हा त्याच वाटेने जाऊ. मावशींचे गुडघे आता दुखतात, चुलीशी सूनबाई बसतात, पण माडगे अजून त्याच घालतात. त्यांच्यासाठी इथून चहापूड आणि गूळ नेऊ, आणि जेवणाचे पैसे वेगळे देऊ. तुझ्याबरोबर तिकडचे मित्र येणार म्हणतोस, ते नक्की किती आणि त्यांतले नाचणी खाणारे किती, हे नोव्हेंबर संपायच्या आत कळव. मला वाडीवर आकडा सांगून यायचे आहे.

आईचे आशीर्वाद.

तुझा,
बाबा